पस्तिशीत एमबीबीएस: बारावीला बायोलॉजी नव्हतं, तासगाव तालुक्यात औषधाचं दुकान आहे. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यावी का?

तासगावचा_फार्मासिस्ट

नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. वय पस्तीस. २००८ ला बारावी सायन्स झालो. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स. त्याच पावसाळ्यात वडील गेले. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढण्याइतकी ऐपत घरात नव्हती, म्हणून डी.फार्म. केलं आणि दुकान टाकलं. दुकान चांगलं चालतं. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलगा दुसरीत, आई आमच्याजवळ असते, धाकटा भाऊ बाग बघतो.

मला डॉक्टर व्हायचंय. घरात हे फक्त बायकोला माहीत आहे.

कारणं बरीच आहेत, त्यातलं एक सांगतो. आमच्याकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की बागांना फवारण्या थांबत नाहीत. गेल्या हंगामात दिवे लागायच्या वेळेला एकजण काउंटरवर आला. डोकं गच्च झालंय, मळमळतंय, पित्ताची गोळी द्या म्हणाला. अशी गोळी रोज कोणीतरी मागतंच. पण याच्या अंगावरून घाम निथळत होता, तोंडात लाळ मावत नव्हती आणि डोळ्यांत पाहिलं तर बाहुल्या अगदी बारीक झालेल्या. दिवसभर फवारणीच्या ब्लोअरवर होता. मी गोळी दिली नाही. अंगावरचे कपडे उतरवायला लावले, साबणाने धुवायला लावलं, बागेतून औषधाची बाटली मागवून सोबत दिली आणि शेजाऱ्याच्या गाडीतून मिरजेला पाठवलं. तिथे ॲट्रोपिन (अशा विषबाधेवरचा उतारा) सुरू झालं, माणूस वाचला, आज परत बागेत राबतोय. बाटलीवरचं ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकातलं विष) मला वाचता आलं. ॲट्रोपिन शरीरात काय करतं हेही डी.फार्म.ला शिकलोय. पण मिरजेच्या रस्त्यात त्याचा श्वास अडकला असता तर काय करायचं, हे त्या गाडीत कुणालाच माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

गावात लोक मला डॉक्टरच म्हणतात. त्या हाकेचं मला हल्ली ओझं वाटतं, कारण त्यांना खरा डॉक्टर हवाय.

तर विचारायचं असं: पस्तीस-छत्तीसला नीट देता येते का, की कुठे अडवतील? बायोलॉजी नसल्यामुळे दार बंदच आहे का? दुकानाचं काय करायचं? आणि ज्यांनी संसार सांभाळून हे केलंय त्यांनी घरचं कसं जमवलं तेही सांगा. हौस म्हणून विचारत नाहीये.

———

कोरेगावची_लॅबवाली

तुमचं वाचून लगेच लिहायला बसले. मी कोरेगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, डीएमएलटी झालेली. २०२२ ला साताऱ्याच्या शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळाला तेव्हा तेहेतिसावं चालू होतं. आता तिसऱ्या वर्षात आहे.

आधी वयाचं. कमाल वयाची अट आता नाही. २०१८ मध्ये खुल्या गटाला २५ आणि राखीवला ३० अशी मर्यादा घातली होती, ती कोर्टात अडकली आणि २०२२ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती काढून टाकल्याचं कळवलं. किती वेळा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही. खालची अट तेवढी आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण, ती आपण केव्हाच ओलांडली. ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना २०२० साली ६४ व्या वर्षी बुर्ल्याच्या शासकीय कॉलेजात जागा मिळाली होती, तेव्हा पेपरांत आलं होतं. त्यामुळे "या वयात चालतं का" हा प्रश्न कोणी विचारला तर एका वाक्यात उत्तर द्या आणि पुढे जा. लोक फार दिवस तिथेच अडकवून ठेवतात.

बायोलॉजीचं दार पूर्वी खरंच बंद होतं. अकरावी-बारावी दोन्ही वर्षं कॉलेजात बायोलॉजी शिकलेलं असलं पाहिजे, बाहेरून दिलेला विषय चालत नाही, असा जुना नियम होता. नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने तो गेला. बारावी झाल्यानंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी पास झालेल्यांनाही आता नीटला बसता येतं. आपल्या राज्य मंडळात याला "तुरळक विषय" म्हणतात, फॉर्मवर तोच शब्द शोधा. सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. फॉर्म कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरायचा असतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी ही धावपळ सप्टेंबर-ऑक्टोबरातच सुरू होते, म्हणजे तुमच्या हातात फार दिवस नाहीत. पेपर ७० चा, प्रात्यक्षिक ३० चं. पुस्तक घरी वाचता येतं, पण मायक्रोस्कोपखाली कांद्याच्या मुळाची स्लाइड कॉलेजातच करावी लागते. म्हणून जवळचं असं कॉलेज गाठा जिथले बायोलॉजीचे सर तुम्हाला बॅचबरोबर उभं राहू देतील. प्राचार्यांना दुकानातली गोष्ट सांगायची गरज नाही. जुनी गुणपत्रिका आणि आयोगाच्या सूचनेची प्रिंट घेऊन जा.

टक्केवारीही बघून ठेवा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात, राखीवला ४०. समजा २००८ ला फिजिक्स-केमिस्ट्रीत मिळून १०४ असतील, तर ३०० पैकी १५० गाठायला बायोलॉजीत ४६ हवेत. तुमचे आकडे घालून बघा.

आता घरचं. माझी तयारी चालू होती तेव्हाच एसटीचा संप लागला. माझे मिस्टर आगारात मेकॅनिक आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत घरात पगार एकच, माझा, लॅबचा. सगळे म्हणाले, आता हे खूळ सोड. त्या काळात आमच्या सासूबाईंनी एक गोष्ट केली. सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला आणि तसं घरात सगळ्यांसमोर सांगितलं. "हिची परीक्षा होईपर्यंत चूल माझी." सगळ्यांसमोर सांगितल्यामुळे ते टिकलं. पुढे रोज नव्याने विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला कदाचित चूल आडवी येणार नाही, पण मुलाचा अभ्यास, आईची औषधं, बँक, बागेचा हिशोब, यातलं आज जे जे तुम्ही करता ते कोण करणार हे नाव घेऊन ठरवा. सगळं आपोआप बायकोच्या अंगावर पडू देऊ नका. त्या नोकरी करतात. साडेपाच वर्षं आहेत, साडेचार शिक्षणाची आणि एक इंटर्नशिपची. त्यानंतर शासकीय कॉलेजवाल्यांना एक वर्ष बंधपत्राची सेवा. मोजताना तेही धरा.

आत गेल्यावर काय होतं तेही सांगते. हजेरी कडक असते, थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के. पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. बायोकेमिस्ट्रीत मला लॅबचा हात होता, ॲनाटॉमीने मात्र रडवलं. अठरा वर्षांची मुलं एकदा वाचून नसांच्या फांद्या धडाधड सांगतात, मला तेच चित्र पुन्हा पुन्हा काढावं लागायचं. पहिल्या वर्षाला चारच संधी असतात आणि सगळा कोर्स नऊ वर्षांच्या आत संपवावा लागतो, तेव्हा पहिलं वर्ष कोणत्याही कारणाने हलकं घेऊ नका. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी येईल तेव्हा तुमचा दिवस असेल. जी नावं बाकीच्यांना पाठ करावी लागतात ती तुमच्या फडताळात रोज असतात.

आणि एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. आता एमबीबीएसला पहिल्यापासूनच गावातली कुटुंबं दत्तक देतात, त्यांच्याकडे सारखं जायचं, बीपी-शुगर बघायची, नोंदी ठेवायच्या. आमच्या बॅचची मुलं उंबऱ्यात घुटमळत राहायची. मी आत जाऊन बसले, चहा घेतला, आणि त्या घरच्या आजींनी मला त्यांच्या पायाची जखम दाखवली जी त्यांनी सुनेलाही दाखवली नव्हती. शुगर तपासली, तीनशेच्या वर. क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात मी स्वतः घेऊन गेले. वय वाढल्याचा तोटा परीक्षेत होतो, पण फायदा तिथे होतो, आणि डॉक्टरकीचा बराचसा भाग तिथेच आहे असं मला आता मनापासून वाटतं.

तुम्ही त्या माणसाला पित्ताची गोळी दिली नाही, कपडे उतरवले, बाटली सोबत दिली. हे आम्हाला वर्गात शिकवतात. करा अर्ज.

———

विट्याचे_डॉक्टर

ताईंनी बहुतेक सगळं बरोबर लिहिलंय. मी विट्याकडे वीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो, दोन गोष्टी घालतो आणि एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे.

पहिली गोष्ट, पात्र होणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. २०२५ ला खुल्या गटाचा पात्रता गुण १४४ होता, त्याच्या आदल्या वर्षी १६२. हा आकडा बघून पुष्कळ घरांत पेढे वाटतात. ७२० पैकी १४४ ला शासकीय जागा मिळत नाही. आपल्या राज्यात खुल्या गटाला शासकीय एमबीबीएस जागेसाठी २०२४ ला सहाशेच्या वर लागले होते. २०२५ ला फिजिक्स फार अवघड निघाल्यामुळे तो आकडा पाचशेच्या आसपास आला. तुमचं लक्ष्य तिथे पाहिजे. कमी मार्कांवर अभिमत (डीम्ड) विद्यापीठात जागा मिळेलही, आपल्या दोन जिल्ह्यांतही ती आहेत, पण तिथली फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. दुकान आणि बाग गहाण टाकून ती वाट धरू नका. बेचाळिसाव्या वर्षी डोक्यावर कोटभर कर्ज असलेला डॉक्टर गावात बसू शकत नाही, त्याला शहरात पळावं लागतं. आणि तुम्हाला तर गावासाठीच व्हायचंय.

दुसरी गोष्ट दुकानाची. तुम्ही पूर्ण वेळ कॉलेजात आणि भिंतीवर तुमचं सर्टिफिकेट, असं करू नका. करणारे आहेत, मला माहीत आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच औषध विकलं गेलं पाहिजे, हा कायदा आहे आणि तो बरोबर आहे. ज्या दुकानात तुम्ही पित्ताची गोळी नाकारलीत, तिथे तुमच्या मागे बसलेल्या पोराने ती दिली असती. पगारी फार्मासिस्ट ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे रीतसर नाव बदलून घ्या, एच-वनचं रजिस्टर (ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंदवही) त्याच्या ताब्यात द्या. त्याचा पगार जाऊन दुकानात जे उरेल तेच तुमचं साडेपाच वर्षांचं उत्पन्न धरा. ते आणि बाईंचा पगार मिळून घर चालत असेल तर पुढे चला.

आता मतभेद. ताई म्हणतात आधी घरात सगळ्यांसमोर सांगा. मी म्हणेन, आधी २०२५ चा फिजिक्सचा भाग घड्याळ लावून सोडवून बघा. ४५ प्रश्न, साधारण तासभर. आज दहा आले तरी हरकत नाही, पण सहा महिने अभ्यास करून पुन्हा तेवढेच आले तर आईला, भावाला कशाला गुंतवायचं? आधी स्वतःला तपासा, मग घराला सांगा.

———

कोरेगावची_लॅबवाली

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून सांगते, हे जमणार नाही. लपून अभ्यास करणाऱ्याला कोणी वेळ देत नाही. पाहुणे आले की त्याला उठवतात, लग्नाला नेतात, गिऱ्हाईक आलं की पुस्तक मिटायला लावतात. आणि मग सहा महिन्यांनी दहाच उत्तरं आली तर ती त्याच्या कुवतीमुळे आली की वेळ न मिळाल्यामुळे, हे कळायचं कसं? दुकानाच्या हिशोबाबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के पटलं.

———

रसायनवाले_सर

साताऱ्यातून लिहितोय. कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालो. मोठ्या वयाचे काही विद्यार्थी माझ्याकडे येऊन बसत, त्यावरून सांगतो.

माळ्यावरची २००८ ची पुस्तकं काढू नका. तुमच्या वेळचा अभ्यासक्रम आणि आजचा यांत मोठा फरक आहे. एनसीईआरटीची नवी पुस्तकं घ्या, पण तीही कोणत्या वर्षीची ते बघून, कारण मध्ये त्यांनी बरेच धडे गाळले आणि २०२४ पासून नीटचा अभ्यासक्रमही त्याप्रमाणे कमी झाला. केमिस्ट्रीत सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, धातू काढण्याच्या पद्धती हे गेलं. बायोलॉजीत पचनसंस्थेचा धडा गेला, याचं मला आजही वाईट वाटतं, पण परीक्षेपुरतं ते ओझं कमी झालं. जुनी गाइडं विकणारे हे सांगत नाहीत. मंडळाच्या बायोलॉजीच्या पेपरला मात्र मंडळाचंच पुस्तक लागेल. त्यामुळे पहिल्या वर्षी मंडळाचं पुस्तक पाया म्हणून आणि एनसीईआरटी त्याच्या शेजारी उघडी, असं वाचा.

पेपर १८० प्रश्नांचा, तीन तास, बरोबरला चार, चुकला तर एक वजा. पूर्वी काही प्रश्न सोडायची मुभा होती, ती २०२५ पासून नाही. बायोलॉजीचे नव्वद प्रश्न म्हणजे निम्मे गुण. संसारी माणसाने गुण तिथे उचलायचे. सलग तीन तास मिळत नसले तरी बायोलॉजी अर्ध्या-अर्ध्या तासात होते. फिजिक्स तशी होत नाही, तिला सलग बैठक लागते, म्हणून सकाळची वेळ फिजिक्सला राखून ठेवा, दुकान उघडायच्या आधीची. तुमचं गणित होतं हे मोठं भांडवल आहे. बायोलॉजी घेतलेली पुष्कळ मुलं कॅलक्युलसला घाबरून फिजिक्समध्ये गुण घालवतात.

मराठीतूनही पेपर मिळतो. पण तुम्ही सायन्स आणि डी.फार्म. इंग्रजीतून केलंय, तेव्हा इंग्रजीतूनच द्या. पारिभाषिक मराठी शब्द नव्याने शिकत बसण्यात वेळ जाईल.

———

वाईची_नर्स

मला थोडं वेगळं सुचवायचंय. गावात रात्री उपयोगी पडणं हाच हेतू असेल तर एमबीबीएस हा एकच रस्ता नाही. बीएएमएसलाही (आयुर्वेदाच्या पदवीला) नीटच लागते, पण मार्क कमी पुरतात. आमच्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, त्या बीएएमएस आहेत, आमच्यासारख्या नर्सनाही सहा महिन्यांचा कोर्स करून त्या पदावर जाता येतं. फार्मासिस्टला ते पद नाही. पण नीटचा फॉर्म भरताय तर पसंतीक्रमात आयुर्वेदाचाही विचार करून ठेवा. निकाल लागल्यावर दोन दिवसांत ठरवणं अवघड जातं.

———

तासगावचा_फार्मासिस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ताई, रात्री जुनी गुणपत्रिका काढली. फिजिक्स ६१, केमिस्ट्री ५८. म्हणजे बायोलॉजीत पास झालो तरी खुल्या गटाचे ५० टक्के पार होतात. तालुक्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन आलो. कार्यालयातल्या क्लार्कने आधी "या वयात कशाला" म्हटलं, पण बायोलॉजीच्या मॅडम बाहेर आल्या, सूचनेची प्रिंट वाचली आणि म्हणाल्या, प्रात्यक्षिकाच्या दिवशी यायला जमणार असेल तरच फॉर्म भरा, नुसत्या सहीसाठी येणार असाल तर नको. मी येतो म्हणालो. प्रात्यक्षिक गुरुवारी दुपारी आहे. आमच्या गावचा बाजार सोमवारचा, त्यामुळे गुरुवार जमतो.

विट्याच्या डॉक्टरांचा हिशोबही केला. फार्मासिस्टचा पगार जाऊन दुकानात फार उरत नाही, पण बायकोच्या पगाराला जोड मिळते. मुलाच्या शिक्षणाला हात लागत नाही. अभिमत विद्यापीठाचा विचार मी केलेलाच नव्हता आणि करणारही नाही. शासकीय जागा मिळाली तरच. ती दोन-तीन वर्षांत नाही मिळाली तर वाईच्या ताईंनी सांगितलेला आयुर्वेदाचा रस्ता बघेन, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

घरात सांगितलं, सगळ्यांसमोर. भाऊ लगेच म्हणाला, दुकान बंद करू नको, बाकी बागेचं मी बघतो, तू हिशोबालासुद्धा येऊ नको. आई काहीच बोलली नाही. सकाळी मात्र तिने विचारलं की शिकून इथेच राहणार ना, की सांगलीला जाणार. इथेच राहणार म्हणून सांगितलं.

आता एक प्रश्न. पहिला नीटचा अर्ज २०२६ लाच भरावा का? बायोलॉजीची परीक्षा फेब्रुवारीत, नीट मेमध्ये. तयारी पूर्ण होणार नाही हे दिसतंय.

———

कोरेगावची_लॅबवाली

भरा. मे २०२६ चा पेपर जागेसाठी नाही, हॉलमध्ये तीन तास बसायची सवय व्हावी म्हणून द्या, आणि खरा अभ्यास २०२७ साठी धरा. किती वेळा दिली हे कोणी मोजत नाही. फॉर्ममध्ये नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच हवी, आधारवर वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, तिथे फार लोक अडकतात. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर तेही काढा. मधल्या वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या वेळी मागतात, त्यात डी.फार्म. आणि दुकानाची वर्षं नीट लिहायची. कागदांच्या दोन फाइली करा, एक घरी, एक भावाकडे.

आणि गुरुवारच्या प्रात्यक्षिकाला स्वतःचा पांढरा कोट घेऊन जा. दुकानातला चालेल.